कान्हेरी: ‘लेणं’ म्हणावं की ‘देऊळ’?

प्रश्न (ठाणे): येऊरचा डोंगर आमच्या खिडकीतून दिसतो. त्याच जंगलात, बोरिवलीच्या अंगाला कान्हेरी आहे. तिथे जाऊन आल्यापासून मुलगी विचारते आहे, हे बौद्धांचं देऊळच, मग ‘लेणं’ का म्हणायचं? लेणं म्हणजे तर दागिना!

उत्तर: दादा, शब्द दोन आहेत. ‘काजळ ल्याली’, ‘सौभाग्यलेणं’ यांतलं लेणं अंगावर घालण्याचं. डोंगरातलं लेणं संस्कृत ‘लयन’, प्राकृत ‘लेण’ यांवरून आलं. मुळाशी ‘ली’ धातू, म्हणजे विसावणं, आसरा घेणं. कान्हेरीच्या ब्राह्मी शिलालेखांत कल्याण, सोपारा इथल्या लोकांनी दानं दिल्याच्या नोंदी आहेत. त्यांत ‘लेण’ आणि ‘पोढी’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. पोढी बोलण्यातून गेली, लेणं मात्र टिकलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. कान्हेरी हे नावही ‘कृष्णगिरी’चंच रूप, काळ्या दगडाचा डोंगर.

‘देऊळ’ म्हटलं की देवाचं घर आलं. इथे शंभरावर लेणी आहेत आणि त्यांतली बहुतेक भिक्खूंच्या राहण्याची: ओसरी, खोली, निजायला दगडी ओटा, दाराशी टाकं. पावसाळ्यात भिक्षेसाठी हिंडायचं नाही, एका जागी वर्षावास करायचा, म्हणून हा निवारा. पूजेचं ठिकाण वेगळं. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह पाहिलंत ना? खांबांच्या दोन रांगा आणि टोकाला स्तूप. तेवढ्यापुरतं ‘देऊळ’ म्हणा हवं तर, पण सगळ्या डोंगराला ते नाव देऊ नये. राहणारी माणसं त्यातून गळतात.

विचारणा (ऐरोली): ताई, राहण्याच्या लेण्याला ‘विहार’ म्हणतात ना? आमच्याकडे विहार म्हणजे बुद्धवंदनेला जमायची जागा.

उत्तर: दोन्ही बरोबर. अर्थ रुंदावला, आणि त्याची खूण कान्हेरीतच दिसते. नंतरच्या काळात तिथल्या विहारांमध्येही बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या आणि राहत्या जागी पूजा आली. तुमचा विहार त्याच वाटेवरचा आहे.

आणखी एक: व्याकरणाचंही बघा. ते लेणं, ती लेणी. ‘एका लेणीत गेलो’ असं सर्रास ऐकू येतं, पण प्रमाण मराठीत ‘लेण्यात’. नाशिककडे ‘पांडवलेणी’ स्त्रीलिंगी एकवचनी बोलतात, ते बोलीत चालावं. लिहिताना मी ‘लेण्यात’च लिहीन.