‘रिपीटेड मेजर्स’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : संख्याशास्त्रावरच्या टिपणात ‘रिपीटेड मेजर्स’साठी ‘पुनरावृत्त मापने’ लिहिले आहे. पण ‘रेप्लिकेशन’लाही (तोच प्रयोग वेगवेगळ्या माणसांवर पुन्हा करणे) ‘पुनरावृत्ती’च म्हणतो. दोन्हीकडे एकच शब्द चालेल का?

उत्तर : माझ्या मते अजिबात चालवू नये. समजा, १० रुग्णांचा रक्तदाब ४ भेटींत मोजला. आकडे ४०, माणसे १०. एकाचे आकडे १५०, १४६, १४१, १३८. दुसऱ्याचे १२८, १२७, १२९, १२६. पहिल्याचा एक आकडा कळला की उरलेले तीन कुठल्या घरात असतील हे कळते. ४० निरनिराळ्या माणसांत असे होत नाही. ‘पुनरावृत्ती’ वाचून विद्यार्थी ४० स्वतंत्र नोंदी धरतो, साधे समाश्रयण (रिग्रेशन) लावतो आणि औषध घेणारे व न घेणारे यांच्यातला फरक आहे त्याहून पक्का वाटू लागतो. म्हणून ‘पुनर्मापन’ : माणूस तोच, मोजणी पुन्हा.

प्रश्न : मग ‘रँडम इफेक्ट’, म्हणजे मॉडेलमधला माणसामाणसांतला फरक दाखवणारा भाग? ‘यादृच्छिक परिणाम’ बरा वाटतो का?

उत्तर : मला खटकतो. परिणाम औषधाचा होतो. इथे वरच्या पहिल्या रुग्णाचा दाब मुळातच चढा आहे. आणि ‘यादृच्छिक’ म्हटले की हा फरक दर भेटीला वाटेल तसा बदलतो असे वाटते. खरे तर त्या माणसापुरता तो कायम असतो, यादृच्छिक असते ती माणसांची निवड. आपल्याकडे ‘दिवसागणिक’, ‘माणसागणिक’ आहेतच, तर ‘व्यक्तीगणिक फरक’ म्हणू या. त्यातून ‘व्यक्तीगणिक पातळी’ (प्रत्येकाचा मूळ दाब) आणि ‘व्यक्तीगणिक उतार’ (प्रत्येकाचा दाब काळानुसार बदलण्याचा वेग) हेही सहज निघतात. लेर्ड आणि वेअर यांनी १९८२ साली मांडलेल्या मॉडेलमध्ये दोन्हींना जागा आहे.

आणखी एक उत्तर : ‘व्यक्तीगणिक’ फार आवडला. मात्र नुसती पातळी घेतली, तर पहिल्या-दुसऱ्या भेटीतला सहसंबंध आणि पहिल्या-चौथ्या भेटीतला सहसंबंध सारखाच मानावा लागतो. प्रत्यक्षात तो बहुधा ओसरत जातो, जसे ०.८, ०.६४, ०.५१. तेव्हा उतारही घ्यावा, किंवा स्वसमाश्रयी (ऑटोरिग्रेसिव्ह) रचना तपासावी, जिच्यात भेटींतले अंतर वाढेल तसा सहसंबंध घटतो.

लिआंग आणि झेगर यांच्या १९८६ च्या पद्धतीला (जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स, ‘जीईई’) मात्र ‘व्यक्तीगणिक’ हा शब्द लावू नका. ती पूर्ण समूहाच्या सरासरीबद्दल बोलते. मोजायची गोष्टच ‘हो-नाही’ स्वरूपाची असेल, तर दोन्ही पद्धतींचे गुणांक वेगळे येतात. चूक कुणाचीच नसते, दोघींना विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. तिथे मी ‘समूहसरासरी मॉडेल’ म्हणतो.