करंट गेला की १ केव्हीएचा यूपीएस लगेच बंद, एक बॅटरी बदलूनही तेच (खानापूर)

खानापूर_झेरॉक्स

झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. यूपीएस १ केव्हीए, ६०० वॉट, लाइन इंटरॅक्टिव्ह (म्हणजे कमी-जास्त व्होल्टेज स्वतःच सावरणारा), आत १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-अवर) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. त्यावर एक डेस्कटॉप, १९ इंची मॉनिटर, राउटर आणि एक लेझर प्रिंटर.

त्रास असा. करंट गेला की दोन-तीन सेकंद बीप होतो आणि सगळं बंद. करंट असतानाही संध्याकाळी सहानंतर आतून खट्‌खट् आवाज येतो, आणि त्या वेळी उताऱ्याची प्रिंट दिली की पीसी हमखास रिस्टार्ट. ८ महिन्यांपूर्वी दोनपैकी एकच बॅटरी बदलली होती. दुसरी ३ वर्षं जुनी, पण मीटरवर १२.६ दाखवत होती म्हणून ठेवली. आता नवीच फुगलीय, जुनी दिसायला ठीक आहे. दुकानदार म्हणतो बोर्ड गेलं, नवा यूपीएस घ्या. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टीमीटर आहे. पैसे घालण्याआधी काय तपासू?

निपाणीकर

व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे हो. उसाला पाणी सुरू झालं की आमच्याकडे पण संध्याकाळी १८० च्या खाली येतं. यूपीएसच्या आधी एक स्टॅबिलायझर लावा आणि आतल्या छोट्या बॅटऱ्या काढून बाहेर ४० एएचच्या दोन जोडा. तास-दोन तास बघायला नको.

बारा_व्होल्ट (बेळगाव)

निपाणीकर, दोन्ही नको. ७ एएचच्या यूपीएसचा चार्जर साधारण १ अँपिअरचा असतो. ४० एएच भरायला त्याला दोन दिवस लागतील, आणि रोज करंट जाणाऱ्या ठिकाणी बॅटरी कायम अर्धपोटी राहील. दुसरं म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक दहा-वीस मिनिटं चालण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. पंखा नसलेला डबा तासभर बॅटरीवर चालवला तर मॉस्फेट (बॅटरीचा करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जातात. तेवढा बॅकअप हवा असेल तर इन्व्हर्टर घ्यायचा, यूपीएस ताणायचा नाही. स्टॅबिलायझरचं नंतर बघू, यूपीएसमध्ये तसाही एक असतोच.

खानापूरवाले, पहिलं काम: लेझर प्रिंटर यूपीएसवरून काढा. कागदावर पावडर पक्की करणारा हीटर तापताना ७०० ते १००० वॉट खेचतो, थोडाच वेळ, पण खेचतो. तुमचा यूपीएस सगळा मिळून ६०० वॉटचा. करंट असताना तो लोड ट्रान्सफॉर्मर आणि रिलेमधून जातो, बॅटरीवर असताना सरळ ओव्हरलोड. इंकजेट असता तर काही बोललो नसतो.

दुसरं, बॅटरी लोड न लावता मोजून काही कळत नाही. १२.६ हा आकडा बॅटरीचं तोंड बघून तब्येत सांगण्यासारखा आहे. तुमचा पीसी, मॉनिटर, राउटर मिळून १४० वॉट धरू. २४ व्होल्टवर, इन्व्हर्टरचा तोटा धरून, बॅटरीतून ७ अँपिअर जातात. मीटर मोजताना बॅटरीतून जवळजवळ काहीच घेत नाही. मग ७ अँपिअरला ती बसते की उभी राहते ते त्यात कसं दिसणार?

लोडवर असं मोजा. यूपीएस बंद, प्लग भिंतीतून बाहेर, बॅटरीचा कनेक्टर सोडवलेला. अंगठी, कडं, घड्याळ काढा. ७ एएचची बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर पाना लाल करते. फुगलेली बॅटरी केसमध्ये अडकली असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, बाजूचा पत्रा सोडा. मग गाडीचा एच४ हेडलाइट बल्ब घ्या, ५५ वॉटचं टोक. साधारण साडेचार अँपिअर ओढतो. शहाबादी फरशीवर ठेवा, फार तापतो. प्रत्येक बॅटरीला वेगवेगळा लावायचा आणि सुरुवातीला, २ मिनिटांनी आणि १० मिनिटांनी व्होल्टेज लिहायचं. चांगली भरलेली ७ एएच १० मिनिटांनंतरही ११.८ च्या वर असते. १०.५ ला आली की तिथंच बल्ब काढा, त्याखाली नेली तर उरलीसुरली पण जाईल.

तिसरं, दोन्ही बॅटऱ्या जोडून रात्रभर चार्जिंगला ठेवा आणि सकाळी करंट चालू असतानाच तीन आकडे घ्या: दोन्ही मिळून, फक्त जुनी, फक्त नवी. इथं जपून. काही मॉडेलमध्ये बॅटरीची वजा तारसुद्धा मेन लाइनशी जोडलेली असते, म्हणजे १२ व्होल्ट समजून हात लावाल आणि २३० चा झटका बसेल. प्लग काढलेला असताना क्लिपवाले प्रोब लावा, मीटर बाजूला ठेवा, मग प्लग घाला. पुढचा आकडा घ्यायला पुन्हा प्लग काढा.

खानापूर_झेरॉक्स

प्रिंटर काढला, सध्या भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटला दिलाय. आकडे:

चार्जिंग चालू असताना दोन्ही मिळून २७.४. जुनी १२.४, नवी १५.०.
सोडवून १२ तास ठेवल्यावर जुनी १०.७, नवी १२.९.
बल्बवर जुनी ९.९ ला सुरू झाली, म्हणून लगेच काढला. नवी १२.१ वरून १० मिनिटांत ११.१.

नवी १५ का दाखवते? चार्जर जास्त देतोय का?

बारा_व्होल्ट (बेळगाव)

चार्जर अगदी बरोबर आहे. २७.४ म्हणजे बॅटरीमागे १३.७. २५ अंशांना १३.५ ते १३.८ असायला हवं.

आता सेल मोजा. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ सेल, दोन बॅटऱ्यांत १२. तुमच्या जुनीतला एक सेल शॉर्ट आहे, म्हणून विश्रांतीत १२.८ ऐवजी १०.७ दाखवते. उरले ११. चार्जरला ते माहीत नाही, तो तेच २७.४ देतो. २७.४ भागिले ११ म्हणजे सेलमागे २.४९. जुनीच्या वाट्याला पाच सेलचे १२.४५, नवीच्या वाट्याला सहा सेलचे १४.९४. तुमचेच आकडे. महिनोन्‌महिने सेलमागे २.२८ च्या जागी २.४९ खाऊन नवी आतून सुकली, गॅस धरला, फुगली. जुनीने नवी मारली. ती दिसायला ठीक आहे, पण त्यावर जाऊ नका.

म्हणून सिरीजमधल्या बॅटऱ्या जोडीनेच बदलायच्या. एकाच कंपनीच्या, एकाच बॅचच्या. एकीचे पैसे वाचवायला गेलं की असं होतं.

घेताना तीन गोष्टी बघा. वजन: १२ व्होल्ट ७ एएच साधारण २ ते २.२ किलो भरते. दीड किलोची असेल तर आत शिसं कमी आहे, स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो. व्होल्टेज: दुकानातच मीटर लावा, १२.६ च्या खाली असेल तर माल पडून आहे. आणि टर्मिनलची पट्टी: एफ१ म्हणजे ४.७५ मिलिमीटर, एफ२ म्हणजे ६.३५. एफ२ चं टोपण एफ१ वर बसतं, पण सैल. २० अँपिअर गेले की तिथंच तापतं आणि प्लास्टिक पिवळं पडतं. पक्कडने दाबून घट्ट केलं असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

सोल्डर_गन

बॅटऱ्यांचं पटलं, पण बोर्ड ठीक आहे हे नवी जोडी घेण्याआधी थोडं बघून घ्या की. बॅटरी आणि प्लग दोन्ही काढून पाच मिनिटं थांबा. बॅटरीच्या तारेतला फ्यूज शाबूत आहे का? तो उडाला असेल तर नुसता नवा घालू नका, आधी हीटसिंकवरचे मॉस्फेट डायोड रेंजवर तपासा. त्याच्या ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमध्ये दोन्ही बाजूंनी बीप वाजला तर शॉर्ट. एक गेला तरी त्या बाजूचे सगळे बदलायचे, आणि गेटचे (तिसऱ्या पायाचे) छोटे रेझिस्टरही बघायचे, ते बहुधा सोबत जळतात. कपॅसिटरची डोकी फुगलीत का बघा. इनपुटजवळ निळी गोल चकती असते, एमओव्ही, जास्त व्होल्टेजचा फटका झेलणारी. वळवाच्या पावसात वीज जवळ पडली की तीच आधी तडकते, काळी पडते. ती तडकली तरी यूपीएस चालत राहतो म्हणून कुणी बघत नाही, पण पुढचा फटका मग थेट बोर्डाला. १४ मिलिमीटरची ४७१ नंबरची असेल तर तीच घाला.

आणि एक: बॅटरीवर चालताना आउटपुट साध्या मीटरने मोजून घाबरू नका. या यूपीएसची लहर पायरीसारखी असते, साधा मीटर २३० च्या बराच खाली दाखवतो. ६० वॉटचा पिवळा बल्ब लावा, उजेड नेहमीसारखा असला की झालं.

खानापूर_झेरॉक्स

फ्यूज ठीक, मॉस्फेट एकही शॉर्ट नाही, चकती चांगली. म्हणजे बोर्ड वाचलं. पण खट्‌खट् अजून आहे. प्रिंटर आता यूपीएसवर नाही, तरी प्रिंट दिली की यूपीएसमध्ये खट् होतंय. काल संध्याकाळी सॉकेटवर मोजलं, १८२ होतं. प्रिंट दिली की १५९.

जांभा_दगड

इथं थांबा. तुम्ही दिलेला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे.

१८२ ला यूपीएस बूस्टवर असणार, म्हणजे आलेलं कमी व्होल्टेज वाढवून देत असणार, तो एक खट्. १५९ ला तो बॅटरीवर जातो, मॉडेलनुसार ही हद्द १४० ते १६५ च्या दरम्यान असते. हीटर बंद झाला की परत १८२, परत खट्. बॅटरी मेलेली असल्याने त्या क्षणी पीसी रिस्टार्ट. आवाजाचा उलगडा झाला.

पण २३ व्होल्ट पडतात कुठं? प्रिंटर साडेचार अँपिअर धरला तर वाटेत ५ ओहमचा अडथळा आहे. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची तार मीटरला १२ मिलिओहम. मेन बोर्ड २० मीटर लांब असला तरी जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे अर्धा ओहमसुद्धा नाही. दोन-सव्वादोन व्होल्ट पडले पाहिजेत. उरलेले २० कुठल्यातरी सैल जोडावर पडतायत, आणि तिथं ९० वॉटची उष्णता होतेय. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, एवढ्यावरून समजा. स्टॅबिलायझर लावला असता तर त्याने करंट आणखी ओढला असता आणि तो जोड आणखी तापला असता.

शोधायची रीत: एकाने प्रिंट द्यायची, दुसऱ्याने मीटर बघायचा. मीटर एसी ७५० रेंजवर, प्रोब आधी लावून मग प्रिंट. आधी सॉकेटवर, मग दुकानाच्या मेन स्विचच्या आउटगोइंगला (दुकानात जाणाऱ्या बाजूला). मेन स्विचलाही २० पडले तर दोष बाहेर आहे: सर्व्हिस वायर किंवा खांबावरचा जोड. आपल्याकडच्या पावसात ॲल्युमिनियमला तांबं नुसतं पिळून जोडलं की एका पावसाळ्यात पांढरी पावडर धरते. तिथं स्वतः हात घालायचा नाही, लाइनमनलाच सांगायचं. मेन स्विचला कमी पडले तर दोष दुकानात. किटकॅट (फ्यूज), न्यूट्रल लिंक (न्यूट्रलच्या तारा जोडायची पट्टी), स्विचचा स्क्रू, एक्स्टेंशन बोर्ड, हे सगळं. हे वायरमनकडून, मेन बंद करून. न्यूट्रल आधी बघा, फेजचे स्क्रू सगळे आवळतात, न्यूट्रलचे कुणी नाही.

न्यूट्रल ते अर्थिंगही मोजून ठेवा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर न्यूट्रल कुठंतरी अडतोय किंवा अर्थिंग सुकलंय. खानापूर पट्ट्यातल्या जांभ्यात मार्च-एप्रिलमध्ये खड्डा कोरडा पडतो, उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी घाला.

खानापूर_झेरॉक्स

वायरमनला बोलावलं. मेन स्विचला १८१ वरून १७७, सॉकेटला १५९, म्हणजे दोष दुकानातच. बोर्डातल्या न्यूट्रल लिंकचा एक स्क्रू अर्धा फिरला, तार बाहेर काढली तर टोक काळं-निळं आणि इन्सुलेशन बोटभर कडक झालेलं. काळं टोक कापून नवं सोललं, लिंकही बदलली. आता प्रिंटला १८१ वरून १७५. न्यूट्रल-अर्थिंग १.४.

जोडी नवी घातली, दोन्ही एफ२, प्रत्येकी २.१ किलो. रात्रभर चार्ज केल्यावर २७.३, एकीवर १३.७, दुसरीवर १३.६. करंट काढून पीसी, मॉनिटर, राउटरवर चालवला, २२ मिनिटांनी जलद बीप सुरू झाला, तेव्हा बंद केला. संध्याकाळी ६ ते ८ मध्ये खट् एकदाच, बूस्टचा असेल.

यूपीएस टेबलाखाली भिंतीला चिकटून आहे, चालेल का?

बारा_व्होल्ट (बेळगाव)

आकडे छान. भिंतीपासून वीतभर पुढं ओढा आणि जाळीसमोर कागदांचे गठ्ठे ठेवू नका. बॅटरीचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. तीन महिन्यांनी पुन्हा ते तीन आकडे घ्या. दोघींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर इथं टाका. जुन्या दोन्ही भंगारात फेकू नका, बॅटरीवाला शिशाच्या वजनावर पैसे देतो.