रस्त्यामुळं पैसा येतो की पैशामुळं रस्ता? मॉडेल कसं लावायचं, मदत पाहिजे

राजारामपुरी_९वी_गल्ली
नमस्कार मंडळी. मी एमए इकॉनॉमिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इथंच कोल्हापुरात. प्रोजेक्टला विषय घेतलाय रस्ते-रेल्वे आणि देशाची अर्थव्यवस्था एकमेकांवर कसा परिणाम करतात. आधी वाटलं सोपं आहे, हायवेची लांबी एका कॉलममध्ये, जीडीपी दुसऱ्यात, रिग्रेशन (एका आकड्यावरनं दुसऱ्याचा अंदाज बांधायची पद्धत) मारलं, आर-स्क्वेअर, म्हणजे अंदाज किती जुळतो त्याचं माप, १ पैकी ०.९७ आला. लई खूश होऊन गाईड मॅडमना दाखवायला गेलो तर त्यांनी कागदावर दोन बाण काढले, एक सरळ एक उलटा, आणि म्हणाल्या यातला कुठला मोजलास ते सांग. मला सांगता आलं नाही.

कारण खरंच दोन्हीकडनं चालतंय. रस्ता झाला की माल स्वस्तात जातो, कारखाने वाढतात. पण कारखाने वाढले की गाड्या वाढतात, डिझेल जास्त खपतं, इंधनावरचा सेस रोड फंडात जातो (२००० सालचा कायदाच आहे) आणि त्यातनं परत रस्ते. शिवाय जिथं आधीच वर्दळ तिथंच चौपदरी मंजूर होतो. वर आणि रस्ता बांधतानाच सिमेंट, स्टील, मजुरी यातनं जीडीपी फुगतो ते वेगळंच, ते काय रस्ता वापरून मिळालेलं उत्पन्न नव्हे.

लॅग टाकून (म्हणजे मागच्या वर्षांचे आकडे घेऊन) ग्रँजर टेस्ट पण लावली, कुठल्या आकड्यावरनं दुसऱ्याचा पुढचा अंदाज येतो ते बघायला. पण तीस वर्षांचे आकडे म्हणजे तीसच ओळी, एक लॅग इकडंतिकडं केला की उत्तर उलटं येतंय. कुणी असलं काम केलं असंल तर सांगा प्लीज.

शिरोलीकर
भावा, मला रिग्रेशनमधलं काही कळत नाही, माझी फौंड्री (लोखंडी ओतकामाचा कारखाना) आहे छोटी, २२ वर्षं झाली. पण तू किलोमीटर मोजतोयस तिथंच गडबड आहे असं वाटतं. किलोमीटर तेवढेच राहिले तरी धंदा बदलतो, कारण आम्ही अंतराचं नाही तर वेळेचं आणि भरवशाचं पैसे मोजतो.

हायवे दोनपदरी होता तेव्हा आवारात वीस-बावीस दिवसांचं पिग आयर्न आणि कोक पडून असायचा, गाडी कधी येईल सांगता यायचं नाही म्हणून. सगळा पैसा त्यात अडकलेला आणि त्यावर बँकेचं व्याज चालूच. चौपदरी झाल्यावर तोच साठा आठ-नऊ दिवसांवर आला, सुटलेल्या पैशात मी एक मोल्डिंग मशीन घेतलं आणि सहा पोरं वाढवली. हे तुझ्या किलोमीटरच्या कॉलममध्ये कुठं दिसणार?

आणि उलटं पण बघ. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, कित्येक दिवस वाहतूक बंद, ट्रकांच्या रांगा आपण सगळ्यांनीच बघितल्यात. माझ्या शेडात पाणी आलं नव्हतं, पण तयार कास्टिंग (ओतलेले पार्ट) पेट्यांत भरून तसंच पडलेलं, पुण्याच्या गिऱ्हाईकाचा दिवसातनं चार वेळा फोन. शेवटी त्यानं एका पार्टची अर्धी ऑर्डर दुसऱ्या व्हेंडरला दिली, ती आजपर्यंत परत आलेली नाही. रस्ता आठवड्यात सुरू झाला, ऑर्डर मात्र कायमची गेली. २०२१ ला परत तेच, पण तेव्हा आम्ही माल आधीच पलीकडं नेऊन ठेवला होता. एवढं तुझ्या मॉडेलात बसव, माझी मनापासून इच्छा आहे.

निवृत्त_प्राध्यापक
शिरोलीकरांनी जे सांगितलं ना, त्यावर खरंच अभ्यास झालाय. सुवर्ण चतुष्कोन, म्हणजे दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता जोडणारा हायवे, ५,८४६ किमीचा, आपला पुणे-बेंगळुरू पट्टा त्याच्या मुंबई-चेन्नई बाजूत येतो. या रस्त्यावरच्या कारखान्यांनी कच्च्या मालाचा साठा कमी दिवसांचा ठेवायला सुरुवात केली असं सौगातो दत्त यांनी दाखवलं होतं. म्हणजे साठ्याचे दिवस हे मोजायला चांगलं माप आहे.

आता तुझा मुद्दा. तुझ्यासारखंच १९८९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड अशाउर यांनी केलं. सार्वजनिक भांडवल १० टक्के वाढलं तर उत्पादन ३.९ टक्के वाढतं असं त्यांच्या आकड्यांतनं आलं. इतका मोठा परिणाम खरा असता तर सरकारांनी दुसरं काही न करता रस्तेच बांधले असते. लोकांनी लगेच दाखवून दिलं की दोन्ही गोष्टी काळाबरोबर वाढतच असतात, नुसत्या पातळ्या (त्या-त्या वर्षाचे थेट आकडे) न घेता दरवर्षीचा फरक घेतला की हे नातं बरंच ढिलं पडतं. तुझा ०.९७ याच जातीचा आहे, आधी फरक घेऊन बघ, किती उरतो ते.

मग बाण वेगळे कसे करायचे? माझ्या मते देशाचा एकच आकडा घेऊन ते होणारच नाही, आत शिरावं लागतं. जॉन फर्नाल्ड यांनी १९९९ मध्ये असं विचारलं की रस्त्यामुळंच वाढ होत असेल तर ज्या उद्योगात गाड्या जास्त लागतात त्याला जास्त फायदा दिसायला पाहिजे. तो दिसला. पण त्यांचं पुढचं म्हणणं जास्त महत्त्वाचं, की पहिलं जाळं एकदाच मोठी उडी देतं, तसलंच दुसरं जाळं बांधलं म्हणून तेवढी उडी परत मिळत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते डेव्ह डोनाल्डसन यांचं ब्रिटिशकाळातल्या भारतीय रेल्वेवरचं काम. वाहतूकखर्चाचे आकडे नाहीत म्हटल्यावर त्यांनी मिठाचे भाव घेतले. राजस्थानातल्या सांभरचं मीठ सांभरलाच बनतं, त्यामुळं दुसऱ्या गावातला त्याचा भाव वजा सांभरचा भाव म्हणजे वाहतुकीचा खर्च, इतकं साधं. रेल्वे आली की हा फरक कमी होतो आणि त्या जिल्ह्याचं शेतीचं खरं उत्पन्न साधारण १६ टक्के वाढतं असं निघालं. उलट्या बाणाचं काय, तर ज्या मार्गांचे आराखडे झाले पण रूळ पडले नाहीत ते पण तपासले, तिथं वाढ दिसली नाही. म्हणजे नुसत्या होतकरू भागात रेल्वे गेली म्हणून वाढ दिसते असं नाही.

अजून एक सांभाळ. हायवेपासून १० किमीच्या आत उद्योग वाढले म्हणून देश तेवढा वाढला असं म्हणू नको, त्यातले काही आतल्या तालुक्यातनं उठून आलेले असतात. आणि गावचे रस्ते हा वेगळाच विषय. ग्रामसडक योजनेत ५०० आणि १००० लोकसंख्येची अट होती, त्या रेषेच्या जरा अलीकडची-पलीकडची गावं अॅशर आणि नोव्होसाद यांनी ताडून बघितली. माणसं शेती सोडून बाहेर कामाला जायला लागली, पण शेतीचं उत्पादन किंवा घरचं उत्पन्न फारसं हललं नाही. मला स्वतःला हे वाचून वाईट वाटलं होतं, पण आकडे आहेत ते आहेत.

शाहूपुरी_पेठ
मिठाचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मग गूळ घ्या की! आमची आजोबांपासून गुळाची अडत, माल बहुतेक गुजरातला जातो. इथला सौद्याचा भाव आणि तिथला भाव यातला फरक आमच्या जुन्या पट्ट्यांत (अडतीच्या हिशेबाच्या पावत्यांत) आहे, लॉरीभाडं वेगळं लिहिलेलं, हमाली वेगळी. फक्त एक अडचण सांगून ठेवतो, कोल्हापुरी म्हणून दुसरीकडचा गूळ पण विकला जातो, त्यामुळं तिकडचा भाव नेमका आपल्याच मालाचा धरता येईल असं नाही. ३० किलोच्या रव्याचेच (ढेपेचेच) भाव धरलेत तर घोळ जरा कमी होईल. आणि हंगामातलेच महिने घ्या, बाकीच्या महिन्यांत गोदामातला माल असतो, त्या भावात गोदामाचं भाडं पण धरलेलं असतं.

राजारामपुरी_९वी_गल्ली
सर, दादा, काका, तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. देशाचा जीडीपी बाजूला ठेवला. आता असं डोक्यात आहे की २०१९ चा पूर हाच धक्का धरायचा, कारण रस्ता बंद झाला तो पावसानं, धंदा वाढला-घटला म्हणून नाही, म्हणजे उलटा बाण आपोआपच गळतो. बंदच्या आधी आणि नंतरचे भाव आणि साठ्याचे दिवस, हायवेवर अवलंबून असणारे आणि नसणारे उद्योग वेगवेगळे करून. पण पुरात शेतं आणि दुकानं पण बुडाली, तो परिणाम वेगळा काढायला शिरोलीकर दादांसारखे, ज्यांच्याकडं पाणीच आलं नाही पण रस्ता तुटला, असले कारखाने पाहिजेत. असे अजून कुणी आहेत का?

शिरोलीकर
माझ्या ओळखीत सात-आठ तरी निघतील. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले कारखाने नको घेऊस एकत्र, ते हायवेवरच पण कोल्हापूरच्या दक्षिणेला, त्यांचा पुण्याचा माल अडकला, बेळगावकडचं गणित वेगळं असणार. रविवारी सकाळी ये, स्टॉकचं रजिस्टर काढून ठेवतो.

शाहूपुरी_पेठ
माझ्याकडं कधीही ये, पट्ट्या २००३ पासूनच्या आहेत. त्याआधीच्या होत्या, त्या २००५ च्या पुरात भिजल्या.