रविवारी बँकवाले येतायत, बचतगटातल्या सगळ्यांनी वाचा

ए-७०२: रविवारी ११ वाजता सोसायटी ऑफिसात स्मॉल फायनान्स बँकेची माणसं येतायत, बचतगटाला भेटायला. बायकांच्या महिन्याच्या दोनशे रुपयांत बँकेला एवढा काय इंटरेस्ट?

बी-३०४: दादा, दोनशे रुपयांत नाही, आमच्या रजिस्टरात आहे. वीस हजारांच्या कर्जालाही चौकशी, कागद, वसुलीच्या फेऱ्या मोठ्या कर्जाइतक्याच, म्हणून एकट्या बाईला कोण उभं करतं? गटात ते काम आम्हीच करतो, कोणाच्या घरी आजारपण, कोणाला खरंच शिलाई मशीन घ्यायचंय, सगळं माहीत असतं. बैठकीत मागणी, ठराव, सगळ्यांच्या सह्या, पुढच्या पानावर परतफेड. १९९२ मध्ये नाबार्डने, म्हणजे शेती आणि गावांसाठीच्या सरकारी बँकेने, ५०० गट बँकांना जोडायला घेतले तेव्हापासून बँका हेच बघतात.

सी-१०१: मुंबईत तर त्याच्या आधीपासून आहे. १९७५ ला प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना गट करून बँकेचं कर्ज मिळवून दिलं 🙏

डी-५०३: काका, २०१५ ला रिझर्व्ह बँकेने १० जणांना स्मॉल फायनान्स बँकेची तत्त्वतः मंजुरी दिली, त्यात ८ मायक्रोफायनान्सवाले, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्या. आपल्या बेलापूरची सूर्योदय त्यातलीच. आधी त्यांना लोकांच्या ठेवी घ्यायची परवानगी नव्हती, दुसऱ्या बँकांकडून पैसे उचलून बायकांना द्यायचे. आता त्याच बायकांची खाती, त्यांच्याच ठेवी, म्हणजे कर्जाला पैसा स्वस्तात. ह्या बँका वाढल्या त्या अशा.

ए-७०२: मग चांगलंय की, सगळ्यांनी घ्या.

बी-३०४: थांबा हो. हे बँकवाले बहुतेक जेएलजी, म्हणजे जॉइंट लायबिलिटी ग्रुप करायला सांगतात, चार-पाच जणींनी एकमेकींना जामीन राहायचं आणि बचत न करता थेट कर्ज, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या अडकल्या. आमच्याकडे आधी बचत, मग आपल्याच पैशातून अंतर्गत कर्ज, मग बँक. हा क्रम मी मोडू देणार नाही, कारण भांडणं होतात ती शेजारणी-शेजारणींत, बँकेचा माणूस निघून जातो.

डी-५०३: काकी बरोबर. घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे, ते कसं तपासता हे सगळ्यांसमोर विचारा.

बी-३०४: विचारते. मार्चपर्यंतचं व्याज चढवायचं राहिलंय, शनिवारी दुपारी कोणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन या गं माझ्याकडे.