सगळं वाचू नका, दोनच शब्द धरा

ताई, रोजचे नवे प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीच खुले केलेले शोधनिबंध, बघताना दमछाक होते, असं तुम्ही लिहिलंत. मी परभणीला प्राणिशास्त्र शिकवतो, माझंही तेच व्हायचं. जर्नलची वर्गणी आपल्या कॉलेजांना झेपत नाही. बायोआर्काइव्ह ही जीवशास्त्राच्या प्रीप्रिंटची वेबसाइट मात्र २०१३ पासून सगळ्यांना फुकट आहे. तिथे पूर्ण विकास-जीवशास्त्राचा (भ्रूण कसा घडतो त्या विषयाचा) अलर्ट लावलात तर ईमेल तुंबेल. मी ‘चिक’ (कोंबडीचं पिल्लू) आणि ‘सोमाइट’ (भ्रूणाच्या पाठीत जोडीजोडीने तयार होणारे पेशींचे ठोकळे) एवढेच शब्द लावलेत. आधी शीर्षक, मग थेट आकृत्या. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी काही बदल न केलेला नमुना, नीट दाखवलेला नसला की मी पुढे जातच नाही, कारण हे तज्ज्ञांच्या समीक्षेआधीचं लिखाण आहे. प्रीलाइट्स या वेबसाइटवर तरुण संशोधक निवडक प्रीप्रिंट उलगडून सांगतात, तेही बघा.

आणि पोरांना खरं अंडं दाखवा! हॅचरीतलं फलित अंडं ३८ अंशांवर तीन दिवस ठेवायचं, कवचाला हलकेच खिडकी पाडायची. बलकावर हृदयाचा लाल ठिपका धडधडताना दिसतो, वर्ग एकदम गप्प होतो. दीड दिवसाच्या भ्रूणात सोमाइटच्या जोड्या भिंगाखाली मोजता येतात. साधारण दीड तासाला एक नवी जोडी. ती मोजलेली पोरं सोमाइटवरचा प्रीप्रिंट मग स्वतःहून मागतात.