हळदीला लाइट कशावर चालवायची, लॅपटॉप की बोर्ड?

घोडबंदरवाला: डीजे माझा स्वतःचा, लाइटवाला आतापर्यंत बाहेरून सांगायचो, आता ८ शार्पी (फिरणाऱ्या बीमच्या लायटी) नि १० पार (एका जागी राहणाऱ्या साध्या रंगीत लायटी) घेतले. घरी जुना लॅपटॉप पडलाय, त्यात लाइट चालवायचं फुकटातलं सॉफ्टवेअर क्यूएलसी प्लस टाकून डोंगलवर (यूएसबीतून लायटींना सिग्नल देणारी डबी) चालवायचा विचार आहे. दोस्त म्हणतात १९२ चॅनलचा लाइटचा बोर्ड घे नि गप बस. पण १९२ म्हणजे १२ लायटी गुणिले १६ चॅनल (रंग, फिरणं अशा एकेका कामाला एक चॅनल), ८ शार्प्यांतच १२८ गेले, मग १० पार कुठे बसवू? माझं मत लॅपटॉपच.

कोपरखैरणेकर: अरे भावा, १० पारना १० अॅड्रेस (लाइट कुठल्या चॅनलपासून ऐकणार तो नंबर) कशाला? ५-५ चे दोन गट कर, गटाला एकच अॅड्रेस लाव, बोर्डात जागा उरते. लॅपटॉपचं नावच काढू नको. नेरूळला हळद होती, नवरदेवाची एन्ट्री, स्मोक सोडलेला, आणि स्क्रीनवर अपडेटचं चाक फिरायला लागलं. सगळ्या शार्प्या आभाळाकडे तोंड करून उभ्या नि नवरदेवाचा मामा माझ्याकडे बघतोय.

कळवा लोकल: अपडेट, वायफाय, स्लीप हे घरूनच बंद करून निघायचं असतं दादा, त्यात लॅपटॉपचा काय दोष? जनरेटरवर बदलताना लाइट गेली की तुझा बोर्ड पण बंद, लॅपटॉपला निदान बॅटरी आहे.

कोपरखैरणेकर: बॅटरी घेऊन काय करू? शार्पीचा दिवा एकदा विझला की थंड झाल्याशिवाय परत पेटत नाही. तोपर्यंत तू स्क्रीनकडे बघ नि मी बोर्डाकडे.

ट्रसखालचा: डोंगल कुठलं ते कोणी विचारेना. एन्टेक कंपनीच्या ओपन डीएमएक्ससारख्या साध्या डोंगलला स्वतःचा प्रोसेसर नसतो, सिग्नलचं टायमिंग लॅपटॉपच सांभाळतो, त्यामुळे त्याच मशीनवर गाणी पण वाजवायला गेलास तर लायटी झटके मारू शकतात. प्रो प्रकारच्या डोंगलमध्ये ते काम आतली चिप करते, महाग असतं पण लॅपटॉपच वापरायचा तर तेच घे, नाहीतर बोर्ड. बाकी मी लॅपटॉपवालाच. मोठ्या सुपारीला अजून ८ शार्पी भाड्याने आल्या नि त्यांची चॅनलची रांग वेगळी निघाली, तुझ्यात पॅन (आडवं फिरणं) तिथे त्यांच्यात कलर, की बोर्डात बनवून ठेवलेले सीन त्यांच्यासाठी रद्दीत. सॉफ्टवेअरमध्ये रिमॅप (चॅनलची नवी जुळणी) करून वेळ निभते, बोर्डावर मांडवात बसून सगळं परत बनव.

कोपरखैरणेकर: आणि तुझा ऑपरेटर ऐनवेळी गावाला गेला तर? १९२ कोणत्याही पोराला येतो. तुझा लॅपटॉप तुझ्याशिवाय कोण उघडणार?

ट्रसखालचा: उघडेल की, पासवर्ड टेपनेच चिकटवलाय वर. शिकवायला एक दुपार लागते, पोरं काय बोर्ड आईच्या पोटातून शिकून येतात का?

घोडबंदरवाला: काल मेहुण्याला दोन्ही दाखवले, कारण मी डेकवर असताना लाइटला तोच बसणार. मित्राच्या बोर्डवर १० मिनिटांत चेजर (एकामागून एक पळणारे सीन) लावला पठ्ठ्याने. लॅपटॉप उघडला तर म्हणतो, दाजी यात गाणी कुठेत? बोर्ड घेतोय. पण भाड्याच्या लायटीचं ट्रसखालचा बोलला ते पटलंय, मोठ्या सुपारीला लॅपटॉप मी स्वतः धरेन. एक सांगा, काल शेवटच्या दोन शार्पी मध्येच थरथरत होत्या, बोर्ड खराब?

कळवा लोकल: माइकची केबल लावलीस ना?

घोडबंदरवाला: हो, होती ती लावली.

ट्रसखालचा: बोर्ड जाऊ दे, लाइटच्या सिग्नलला माइकची केबल नीट चालत नाही, आधी ती बदल. नि शेवटच्या लाइटच्या आउटला टर्मिनेटर, २ नि ३ नंबर पिनमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, चिल्लरमध्ये येतो.