शहराच्या मध्यभागातील बंद वीजकेंद्राचा मिश्र वापरासाठी पुनर्विकास : टर्बाइन हॉलमध्ये मजले घालावेत का?

नगररचना_अभ्यासक (प्रश्न)

नमस्कार. नगररचनेच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी शहरांच्या मध्यभागी बंद पडून राहिलेल्या जुन्या औष्णिक वीजकेंद्रांच्या पुनर्विकासाचा अभ्यास करत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वीज दूरवर वाहून नेणे परवडत नव्हते, आणि कोळसा उतरवायला व यंत्रे थंड ठेवायला नदी जवळ असणे सोयीचे होते; म्हणून ही केंद्रे ऐन वस्तीत, बहुधा काठावर उभी राहिली. आज त्याच जमिनींना शहरातील सर्वाधिक मागणी आहे. असे असूनही त्या वर्षानुवर्षे रिकाम्या का राहतात, हे मला नीट उलगडलेले नाही.

उदाहरण लंडनचेच घ्या. बॅटरसी केंद्रातील वीजनिर्मिती १९८३ मध्ये पूर्णपणे थांबली आणि पुनर्विकसित इमारत लोकांसाठी खुली झाली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. याउलट बँकसाइड हे नदीच्या त्याच काठावरील केंद्र १९८१ मध्ये बंद झाले आणि २००० मध्ये टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय होऊन पुन्हा सुरू झाले. दोन्ही इमारतींचे रूप जाईल्स गिल्बर्ट स्कॉट यांनीच घडवलेले. शहर एक, वास्तुविशारद एक, आणि उशिरात मात्र दुपटीचा फरक.

दुसरा प्रश्न रचनेचा आहे. माझ्या मार्गदर्शकांच्या मते टर्बाइन हॉलमध्ये, म्हणजे वीज निर्माण करणारी यंत्रे जिथे असत त्या उंच दालनात, मजले घातल्याशिवाय भाडे देणारे क्षेत्र मिळत नाही, आणि असे क्षेत्र नसेल तर ‘मिश्र वापर’ (दुकाने, कार्यालये, घरे एकाच ठिकाणी) हा शब्द आराखड्यावरच राहतो. मला त्या हॉलची पोकळी हीच खरी ठेव वाटते, परंतु ते सिद्ध कसे करावे ते सुचत नाही. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

स्थापत्य_अभियंता

आपण आणि आपले मार्गदर्शक एकाच इमारतीबद्दल बोलत आहात, पण बहुधा वेगवेगळ्या खोल्यांबद्दल. वीजकेंद्र बाहेरून एकसंध दिसले तरी आत निदान तीन स्वतंत्र वास्तू असतात : वाफ तयार करणारे बॉयलर हाऊस, टर्बाइन हॉल आणि वीज पुढे जाळ्यात सोडणारी उपकरणे असलेले स्विच हाऊस. प्रत्येकाचा सांगाडा निराळा असतो, त्यामुळे त्यांचे पुढचे आयुष्यही निराळे असते.

मोठे बॉयलर जमिनीवर ठेवलेले नसतात. तापल्यावर त्यांना खालच्या दिशेने प्रसरण पावता यावे म्हणून ते वरच्या तुळयांना टांगलेले असतात. साहजिकच बॉयलर हाऊसचे पोलादी खांब प्रचंड भार पेलण्यासाठी आखलेले असतात, आणि बॉयलर काढून घेतल्यावर दहाबारा मजल्यांएवढी उंच, मजलेच नसलेली एक विहीर शिल्लक राहते. मजले घालायचे ते इथे. टेट मॉडर्नमध्ये नेमके हेच झाले. हेर्झोग आणि द म्युरों या वास्तुविशारदांनी कलादालनांचे मजले बॉयलर हाऊसमध्ये रचले आणि सुमारे १५२ मीटर लांब व ३५ मीटर उंच असा टर्बाइन हॉल मोकळा सोडला. बॅटरसीमध्येही ॲपलची कार्यालये मधल्या बॉयलर हाऊसमध्ये आहेत, तर दुकाने दोन्ही बाजूंच्या टर्बाइन हॉलमध्ये कडेकडेने मांडलेली आहेत आणि मधला उंच अवकाश शाबूत आहे. मार्गदर्शकांना या दोन इमारतींचे छेद (उभा काप दाखवणारे नकाशे) काढून दाखवलेत, तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

टर्बाइन हॉलमध्ये मजले घालणे अवघड का, याचे कारण जमिनीखाली असते. टर्बाइनची कंपने इमारतीपर्यंत पोहोचू नयेत म्हणून प्रत्येक यंत्राखाली काँक्रीटचा स्वतंत्र, भला थोरला चौथरा असतो. त्याच्या पोटात वाफेचे पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर, आणि त्याखाली नदीचे पाणी आणणारे व परत नेणारे बोगदे. नवा खांब कुठे उतरवायचा, हे या चौथऱ्यांनी आणि बोगद्यांनी आधीच ठरवलेले असते. मी काम केलेल्या एका प्रकल्पात मूळ नकाशावर दाखवलेला चौथरा आणि खोदल्यावर सापडलेला चौथरा यांत दीड मीटरचा फरक निघाला आणि पायाची सगळी आखणी पुन्हा करावी लागली. तेव्हापासून जुना नकाशा मी पुरावा म्हणून वाचत नाही, आधी बोअर घेऊन पाहतो. शिवाय यंत्रांचा फलाट रस्त्याच्या पातळीपासून एक मजला वर असतो, त्यामुळे पादचाऱ्याला आत आणायचे कसे हा प्रश्न उरतोच. टेटने फलाट काढून टाकला आणि पश्चिमेकडून थेट तळाशी उतरणारा रुंद उतार केला. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यामुळे तो हॉल शहराच्या चौकासारखा वापरला जाऊ लागला.

उशिराच्या प्रश्नाचे पहिले उत्तर ‘छप्पर’ असे आहे. बॅटरसीचे १९८० च्या दशकात मनोरंजन उद्यान करायचे ठरले होते. यंत्रे बाहेर काढण्यासाठी छप्पर आणि एक भिंत उतरवण्यात आली, १९८९ मध्ये पैसे संपले आणि काम थांबले. त्यानंतर विटांमागचा पोलादी सांगाडा वर्षानुवर्षे उघड्यावर भिजत राहिला. लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ धातूच्या कित्येक पट होते आणि त्या दाबाने समोरची वीट फुटते. मग दुरुस्तीसाठी आधी वीट काढा, पोलाद साफ करा, पुन्हा तशीच वीट भाजून आणा. योजना पक्की झालेली नसेल आणि निधी हातात नसेल, तर इमारतीला हात लावण्याऐवजी पन्हळी, कौले आणि खिडक्या तेवढ्या दुरुस्त करून कुलूप लावणे अधिक शहाणपणाचे असते.

दुसरे उत्तर म्हणजे विषारी अवशेष. वाफेच्या नळ्यांवर आणि बॉयलरवर ॲस्बेस्टॉसचे लेप, ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल ही विषारी रसायने), रंगात शिसे, मापकांत पारा, आणि अंगणात राखेतून उतरलेले आर्सेनिक किंवा जमिनीत मुरलेले इंधनतेल. हे सगळे निघाल्याशिवाय कोणतीही बँक दारात उभी राहत नाही, आणि किती निघणार हे उकरल्याखेरीज कळत नाही.

गुंतवणूक_सल्लागार

वरील उत्तरात एक भर घालतो, कारण बॅटरसीचा उशीर केवळ गंजामुळे झाला असे मानणे अपुरे ठरेल. तो व्यवहाराचा उशीर होता. २००६ मध्ये एका कंपनीने ती जागा ४० कोटी पौंडांना घेतली. २०११ मध्ये कर्जाच्या बोज्याखाली तो प्रकल्प दिवाळखोरी प्रक्रियेतील प्रशासकांच्या ताब्यात गेला. २०१२ मध्ये मलेशियन गुंतवणूकदारांच्या समूहाने ती पुन्हा ४० कोटींनाच विकत घेतली. मधल्या काळात वास्तू अधिक जीर्ण झाली, आणि एकही वीट न रचता व्याज मात्र वाढत राहिले. जमिनीची किंमत जेव्हा भविष्यातील फ्लॅटच्या दराने मोजली जाते, तेव्हा मूळ इमारत ही ताळेबंदात संपत्ती म्हणून येतच नाही. ती दायित्व म्हणून येते. बँकसाइड लवकर मार्गी लागले, कारण तिथे वापरकर्ता आधी ठरला होता, इमारत त्याच्या गरजेप्रमाणे बदलली गेली, आणि लॉटरी निधीचे सार्वजनिक पैसे मिळाले. त्या हॉलने प्रति चौरस फूट किती कमवावे, असे तिथे कुणी विचारले नाही.

त्यामुळे आपल्या मार्गदर्शकांची शंका मी झटकून टाकणार नाही. खासगी प्रकल्पात रिकाम्या पोकळीला गरम किंवा थंड ठेवण्याचा, झाडण्याचा, राखण्याचा खर्च कुणीतरी उचलावाच लागतो. तो जुन्या इमारतीतून निघत नाही, शेजारच्या मोकळ्या जागेतून निघतो. कोळशाचे अंगण, तेलाच्या टाक्यांची जागा, रेल्वेची सायडिंग : मिश्र वापराचे अर्थकारण तिथे उभे राहते. अमेरिकेतील ऑस्टिन शहराच्या सीहोम केंद्राने १९८९ मध्ये काम थांबवले. त्याच्या टर्बाइनच्या इमारतीत कार्यालये आली, पण घरे मात्र त्याच आवारातील नव्या उंच इमारतीत गेली आणि किराणा दुकानही नव्या बांधकामातच बसले. जुन्या बॉयलर हाऊसच्या पोटात घरे बसवण्याचा हट्ट धरला की खिडक्यांसाठी भिंती फोडाव्या लागतात, कारण इतक्या रुंद इमारतीच्या मध्यापर्यंत उजेड पोहोचत नाही.

वापर ठरवताना एकाच तिकीट खिडकीवर विसंबू नये. अमेरिकेतीलच बाल्टिमोरच्या प्रॅट स्ट्रीट केंद्रात १९८५ मध्ये बंदिस्त मनोरंजन उद्यान सुरू झाले आणि काही वर्षांतच बंद पडले. त्याच इमारतीत पुढे पुस्तकांचे मोठे दुकान, उपाहारगृहे आणि कार्यालये असा संमिश्र संसार थाटला गेला आणि तो दीर्घकाळ टिकला. तिथल्याच प्रॉव्हिडन्स शहरातील १९१२ च्या केंद्रात वारसा संग्रहालय करण्याची योजना २००८ च्या मंदीच्या सुमारास अर्धवट राहिली. २०१७ मध्ये ती इमारत उभी राहिली ती ब्राउन विद्यापीठाची प्रशासकीय कार्यालये आणि दोन सरकारी शिक्षणसंस्थांचे सामाईक परिचर्या शिक्षण केंद्र म्हणून. दीर्घ मुदतीचा भाडेकरार करणारी एखादी संस्था मिळाली की कर्ज उभे राहते, असा माझा अनुभव आहे. दुकाने त्यानंतर येतात.

अमेरिकेतील उदाहरणे प्रबंधात घेणार असाल, तर तेथील वारसा करसवलत अवश्य अभ्यासावी. उत्पन्न देणाऱ्या नोंदणीकृत वारसा इमारतीच्या पात्र दुरुस्तीखर्चाच्या २० टक्के एवढी सवलत केंद्रीय प्राप्तिकरात मिळते. मात्र इमारतीची ओळख ठरवणारे अवकाश राखले पाहिजेत, ही अट आहे. टर्बाइन हॉल मजल्यांनी भरून टाकला तर ही सवलत हातची जाऊ शकते. म्हणजे पोकळीची किंमत आपल्याला रुक्ष आकड्यांतही मांडता येईल : मजल्यांतून मिळणारे भाडे एका पारड्यात, गमावलेली सवलत आणि चौथरे फोडण्याचा खर्च दुसऱ्यात.

वारसा_संवर्धक

दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरी त्यांत इमारत म्हणजे जणू एक टरफल आहे असे गृहीत धरलेले दिसते. वीजकेंद्र हे मुळात यंत्र आहे आणि भिंती हे त्या यंत्राचे वेष्टन. यंत्रे भंगारात विकून विटा जपायच्या आणि त्याला वारसा म्हणायचे, हे मला पटत नाही. रोमच्या मोंतेमार्तिनी केंद्रात डिझेल इंजिने जागच्या जागी ठेवून १९९७ मध्ये त्यांच्यासमोर प्राचीन संगमरवरी मूर्ती मांडल्या गेल्या. इस्तंबूलच्या सिलाहतारआगा केंद्रात यंत्रगृह ऊर्जा संग्रहालय म्हणून राखले आणि बाकीच्या आवारात विद्यापीठ वसवले. मिश्र वापर म्हणजे दुकान, कार्यालय आणि घर एवढेच नव्हे.

सगळी यंत्रे ठेवणे शक्य नसते, हे मान्य. परंतु नियंत्रण कक्ष आणि टर्बाइनवरची क्रेन एवढे तरी वाचवावे. बॅटरसीने दोन्ही नियंत्रण कक्ष जपले हे चांगले केले, जरी त्यांतील एकात आता मद्यालय चालते. धुराड्यांचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. तेथील चारही धुराडी २०१४ नंतर उतरवून त्याच आकारात नव्याने बांधण्यात आली. मग ती मूळ वास्तू म्हणायची की तिची प्रतिकृती? माझ्या मते नदीवरून दिसणारी आकृती लोकांच्या स्मृतीत असते आणि तिच्यापुरती पुनर्बांधणी क्षम्य आहे, पण त्या उदाहरणाचा आधार घेऊन पुढचा विकासक प्रत्येक जीर्ण भिंत ‘नव्याने तशीच’ बांधू म्हणेल, ही भीती मला आहे.

आणि हे सर्व कुणासाठी, हेही विचारावे. बॅटरसीच्याच प्रकल्पात परवडणाऱ्या घरांची संख्या ६३६ वरून ३८६ वर आणण्यास २०१७ मध्ये मंजुरी देण्यात आली, आणि कारण दिले गेले ते इमारतीच्या वाढलेल्या खर्चाचे. म्हणजे विटांच्या दुरुस्तीचे बिल शेवटी घर न मिळालेल्यांनी भरले.

गुंतवणूक_सल्लागार

शेवटच्या परिच्छेदातील वस्तुस्थिती मी नाकारत नाही. म्हणूनच सार्वजनिक लाभ आधी बांधून घ्यावेत आणि नफ्याचे टप्पे नंतर खुले करावेत, असे करारात लिहिता येते. एकदा का फ्लॅट विकले गेले, की नियोजन प्राधिकरणाच्या हातात फारसे काही उरत नाही.

नगररचना_अभ्यासक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खोल्यांचा भेद माझ्या लक्षातच आला नव्हता. आता प्रबंधाची मांडणी बॉयलर हाऊस, टर्बाइन हॉल आणि अंगण अशी तीन भागांत करणार आहे. एक शंका राहिली. मी निवडलेल्या केंद्रात निर्मिती थांबली असली, तरी स्विच हाऊसमधील उपकेंद्र अजून चालू आहे. ते हलवले जाईल असे आराखड्यात गृहीत धरावे का?

स्थापत्य_अभियंता

धरू नये. बँकसाइडलाही स्विच हाऊस वीज कंपनीच्याच ताब्यात राहिले आणि संग्रहालय त्याच्या भिंतीला लागून सुरू झाले. त्या बाजूचा विस्तार २०१६ मध्ये झाला. शहराच्या मध्यभागी एकत्र आलेल्या केबल दुसरीकडे नेणे हा स्वतंत्र आणि फार महागडा प्रकल्प असतो. वीज कंपनीशी पहिल्याच महिन्यात बोलावे आणि तिचे दार, तिच्या अवजड ट्रान्सफॉर्मरची ने-आण होईल एवढा रस्ता आणि आगीपासूनचे अंतर नकाशावर आधी काढून मग उरलेली जागा आपली समजावी. त्या भिंतीला लागून घरे मात्र ठेवू नयेत. ५० हर्ट्झच्या वीजजाळ्यातील ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर गुणगुणतो, आणि तो आवाज हवेतून कमी, सांगाड्यातून अधिक प्रवास करतो. काच जाड केल्याने तो थांबत नाही. तिथे जिने, गोदाम, सायकलतळ असे काही ठेवावे.